नवीन स्ट्रेन आलाय म्हणतात, मग आधी काय बघायचं

कुत्र्यांच्या आजारांबद्दल एक वाक्य दर काही महिन्यांनी हमखास फिरत येतं, "नवीन स्ट्रेन आलाय, लस घेतलेली पिल्लंपण जातायत". एकदा तर हे वाक्य पसरवणारी मीच होते. चार पिल्लं सांभाळायला घेतली होती, सहाव्या आठवड्यात एक डोस दिला, नवव्यात दुसरा, आणि मग आपलं आपणच ठरवून टाकलं की झालं आता. बाराव्या आठवड्यात एकाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले, दोन दिवसांनी दुसऱ्यालापण. किट टेस्ट केली, पार्वो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांवर हल्ला करणारा व्हायरस. मी छातीठोकपणे सांगत सुटले की हा नवीन व्हेरियंट आहे, लसीला जुमानत नाही. व्हेटने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, तिसरा डोस कधी दिला? दिलाच नव्हता.

तेव्हापासून मी उलट्या क्रमाने विचार करते. व्हेरियंट किंवा स्ट्रेन, म्हणजे व्हायरसच्या बदललेल्या आवृत्त्या, खोट्या नसतात, कुत्र्यांमधले व्हायरस बदलतात आणि काही वेळा त्याने खरोखर फरक पडतो, ते सगळं पुढे सांगते. पण कोणी "नवीन स्ट्रेन" म्हणालं की आधी तारखा बघायच्या, मग व्हायरस कोणता ते बघायचं, मग कुत्री कुठे कशी एकत्र आली ते, आणि सिक्वेन्सिंग (व्हायरसची जनुकीय अक्षरं वाचणं) वगैरे सगळ्यात शेवटी.

आधी तारखा

पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवसभरात आईचा जो चीक पितं त्यातून त्याला आईच्या अँटीबॉडी मिळतात. ह्या उसन्या अँटीबॉडी साधारण दर दहा दिवसांनी निम्म्या होत जातात. गोची अशी की लसीतला व्हायरस आणि खरा व्हायरस ह्यात त्या भेदभाव करत नाहीत, दोघांनाही अडवतात, आणि पातळी उतरत असताना मध्ये दोनतीन आठवड्यांचा असा काळ येतो की खरा रोग अडवायला त्या कमी पडतात पण लस हाणून पाडायला मात्र पुरतात. हा काळ कोणत्या पिल्लाचा कधी येईल ते बाहेरून कळत नाही. एकाच आईच्या चार पिल्लांतसुद्धा वेगवेगळा, कारण एकाने पोटभर चीक प्यायलेला असतो आणि एक बिचारं कायम ढकललं गेलेलं असतं.

म्हणून सहा ते आठ आठवड्यांना सुरुवात, मग दर दोन ते चार आठवड्यांनी एक, आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर, आधी नाही. आधीचे डोस म्हणजे अंधारात मारलेले खडे असतात, लागले तर लागले. सोळा आठवड्यांनंतरचा डोस बहुतेक पिल्लांना लागतोच. छोट्या प्राण्यांच्या डॉक्टरांची जागतिक संघटना, डब्ल्यूएसएव्हीए, त्यानंतर अजून एक डोस वर्षाची वाट न बघता २६ आठवड्यांच्या आसपासच द्या म्हणते, म्हणजे सोळाला राहून गेलेलं एखादं पिल्लू तेव्हा तरी पकडलं जातं.

तर एखादं "लस घेतलेलं" पिल्लू आजारी पडलं की विचारायचं, शेवटच्या डोसच्या दिवशी त्याचं वय किती होतं (डोस किती झाले हे नाही, वय किती). डोसनंतर किती दिवसांनी आजारी पडलं, कारण पार्वो अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, मग डोसनंतर तिसऱ्या दिवशी आजारी पडलं तर व्हायरस लसीच्या आधीच शिरला होता. लस फ्रीजमध्ये नीट ठेवलेली होती का, का प्रवासात तापली. आणि एक प्रश्न लोक विसरतातच, टेस्ट कोणती केली? जिवंत लस दिल्यावर लसीतलाच व्हायरस काही दिवस, कधी काही आठवडे शीतून बाहेर पडत राहतो, आणि पीसीआर (व्हायरसचा जनुकीय अंश शोधणारी टेस्ट) इतकी तिखट असते की तोही पकडते. मग रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो, पिल्लू खरं तर जंतांनी आजारी असतं, आणि बाहेर बातमी होते की लस फेल.

बहुतेक वेळा गोष्ट इथेच संपते.

व्हायरस बदलतो म्हणजे नक्की काय होतं

जुन्या काळी पोथ्या हाताने नकलून काढायचे तेव्हा नकलणाऱ्याच्या हातून एखादं अक्षर चुकायचं, पुढचा ती चुकलेली प्रत बघून नक्कल करायचा, आणि चूक पुढे चालू राहायची. व्हायरसचं तेच. एका कुत्र्याच्या आत अब्जावधी नकला निघतात आणि त्यात चुका होत असतात. बहुतेक चुकांनी व्हायरसचं वाटोळंच होतं किंवा काहीच फरक पडत नाही. चूक होणं ही रोजची गोष्ट आहे, तिच्यात बातमी काही नाही. बातमी तेव्हा होते जेव्हा ती चूक टिकते आणि पसरते, आणि त्याची कारणं दोन. एक, त्या बदलाने व्हायरसचं काहीतरी भलं झालं, म्हणजे पेशीला जास्त घट्ट चिकटला किंवा अँटीबॉडीच्या तावडीतून थोडा निसटला. दुसरं कारण, जे लोकांना पटत नाही, ते म्हणजे निव्वळ योगायोग. एखाद्या शेल्टरमध्ये आजारी कुत्रा एकच आला, त्याच्या अंगात जी आवृत्ती होती तीच पन्नास कुत्र्यांना लागली, आता सगळीकडे तीच दिसणार, पण ती जास्त घातक आहे म्हणून नव्हे, पहिली पोचली म्हणून. त्यामुळे "हा स्ट्रेन आता सगळीकडे सापडतोय" ह्यावरून "हा स्ट्रेन जास्त भयंकर आहे" असा निष्कर्ष काढायचा नाही.

पार्वोची गोष्ट, कारण ह्यात सगळं आलं

पार्वोला पुस्तकात सीपीव्ही-२ म्हणतात, दोन का तर एक नंबर आधीच दुसऱ्या एका किरकोळ व्हायरसला दिलेला होता. १९७८ च्या आधी हा आजार डॉक्टरांना माहीत नव्हता. त्या वर्षी तो एकदम दिसला आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांत जगभर पोचला, कारण एकाही कुत्र्याच्या अंगात त्याविरुद्ध काही नव्हतं. नंतर जुने साठवलेले रक्ताचे नमुने तपासले तर युरोपात त्याच्या दोनचार वर्षं आधीच्या नमुन्यांतपण अँटीबॉडी सापडल्या, म्हणजे साहेब आधीच आले होते, फक्त कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आला कुठून? मांजरांना ज्याने पॅनल्युकोपेनिया (मांजरांचा पार्वोसारखाच आजार) होतो तो व्हायरस, किंवा त्याचा अगदी सख्खा भाऊ. दोघांच्या बाहेरच्या कवचात जे फरक आहेत ते हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच. पण तेवढ्याने त्याला कुत्र्याच्या पेशीवरचा ट्रान्सफेरिन रिसेप्टर नावाचा दरवाजा उघडता यायला लागला. गंमत म्हणजे ह्या पहिल्या आवृत्तीला मांजरात शिरणं जमेना. मग १९७९ ते १९८१ च्या दरम्यान २ए नावाची आवृत्ती आली आणि तिने मूळची पार हुसकावून लावली, हिला कुत्रा आणि मांजर दोन्ही चालत होते. १९८४ च्या सुमारास २बी, आणि २००० मध्ये इटलीत २सी.

आता हे ए, बी, सी ऐकून असं वाटतं की तीन वेगळी घराणी आहेत. तसं नाहीये. हे लेबल कवचाच्या प्रोटीनमधल्या एकाच जागेवरून, ४२६ नंबरच्या जागेवरून लावलेलं आहे, तिथे एक अमिनो आम्ल असेल तर ए, दुसरं असेल तर बी, तिसरं असेल तर सी. आणि तोच बदल वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा झालेला आहे. म्हणजे दोन शहरांतले २सी एकमेकांचे नातेवाईक असतीलच असं नाही, नुसता शर्ट एकाच रंगाचा. म्हणून रिपोर्टवर "२सी" लिहून आलं की हाय खाऊ नका. पूर्ण लस झालेल्या कुत्र्यांना मुद्दाम २सी देऊन प्रयोग झालेत आणि जुन्या स्ट्रेनपासून बनलेल्या लसींनी त्यांना वाचवलंय.

अजून एक, पार्वो डीएनए व्हायरस आहे, साधारण ५२०० अक्षरांचा, आणि डीएनएवाले सावकाश बदलतात असं शाळेत शिकवतात. हा मात्र त्या नियमाला अपवाद, ह्याचा वेग आरएनए व्हायरसच्या जवळ जातो.

मग कोणत्या व्हायरसमध्ये व्हेरियंटने खरंच फरक पडतो

इन्फ्लुएंझा, म्हणजे फ्लू. ह्याचा जीनोम, म्हणजे व्हायरसची सगळी जनुकीय अक्षरं, आठ सुट्या तुकड्यांत असतो, त्यामुळे एकाच कुत्र्यात दोन वेगळे फ्लू एकाच वेळी शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होऊन एका फटक्यात तिसराच तयार होऊ शकतो. कुत्र्यांत फ्लूचे दोन प्रकार गाजले. एच३एन८ घोड्यांतून आला, २००४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांत तो पहिल्यांदा ओळखला गेला. एच३एन२ पक्ष्यांतून, २००० च्या दशकात आशियात, आणि २०१५ मध्ये तो शिकागोत पोचला. इथे "लस झालीय" एवढं उत्तर पुरत नाही, कारण एच३एन८ ची लस एच३एन२ पासून भरवशाचं संरक्षण देत नाही, त्यामुळे लसीच्या कार्डावर कोणता प्रकार लिहिलाय ते वाचावंच लागतं.

कोरोना. कुत्र्यांचे स्वतःचे कोरोना व्हायरस जुने आहेत, माणसांच्या साथीशी त्यांचा संबंध नाही. ह्यांचा जीनोम जवळपास ३०,००० अक्षरांचा. ह्यांना चुका दुरुस्त करायची सोय असते, पण दोन कोरोना एका पेशीत भेटले तर लांबलचक तुकडे एकमेकांशी बदलतात. २०२३ मध्ये सायप्रसमध्ये मांजरं मोठ्या संख्येने दगावली, त्या व्हायरसमध्ये मांजराच्या कोरोनाला कुत्र्याच्या कोरोनाच्या स्पाइकचा (पेशीला चिकटणाऱ्या काट्याचा) तुकडा जोडलेला निघाला. असा सांधा बसला की काळजी करायची, नुसत्या एका अक्षराच्या बदलाने नाही.

डिस्टेंपर, कुत्र्यांना ताप, खोकला आणि झटके आणणारा आजार, ह्या बाबतीत अधलामधला. भौगोलिक घराणी खूप आहेत, त्याच्या एच नावाच्या जीनवरून ती ओळखतात, आणि लसीतले स्ट्रेन जुन्या अमेरिकन घराण्यातले आहेत. तरी ती लस काम करते. डिस्टेंपरमध्ये मला जास्त धास्ती वाटते ती प्राणी बदलण्याची. १९९४ मध्ये सेरेंगेटीतले जवळपास एक तृतीयांश सिंह डिस्टेंपरने मेले, साधारण हजारभर. बोट कुत्र्यांकडे गेलं आणि नंतर आसपासच्या कुत्र्यांना लसी दिल्या गेल्या, कुत्र्यांना फायदा झालाच, पण पुढच्या अभ्यासात दिसलं की व्हायरस तिथल्या जंगली प्राण्यांत फिरतच राहिला.

रेबीजमध्ये व्हेरियंट ह्या शब्दाचा अर्थच वेगळा आहे. तिथे तो कोणत्या प्राण्यात टिकून राहतो त्यावरून नाव पडतं, कुत्र्याचा व्हेरियंट, रॅकूनचा, वटवाघळाचा. अमेरिकेने २००७ मध्ये कुत्र्याचा व्हेरियंट संपल्याचं जाहीर केलं, पण कुत्र्याला रेबीज झालेला रॅकून चावला तर रेबीज होऊ शकतोच. लस सगळ्यांना तीच चालते. तिथे व्हेरियंटचा वाद घालत बसणं म्हणजे वेळ घालवणं, ७० टक्के कुत्र्यांना लस देऊन ते प्रमाण टिकवलं की साखळी तुटते, हे पुन्हा पुन्हा दिसलंय.

पसरतो कसा, म्हणजे तुम्ही कुठे बघायचं

कुत्र्यांची संख्या किती ह्यापेक्षा नवीन, लस न झालेली पिल्लं किती वेगाने येतायत हे जास्त महत्त्वाचं. व्हायरसला ताजं गिऱ्हाईक लागतं. घरोघरी एकेक कुत्रा असलेल्या वस्तीत फ्लू आपोआप विझतो, पण रोज नवे कुत्रे येणाऱ्या शेल्टरमध्ये तो महिनोन्‌महिने राहू शकतो. उत्तर अमेरिकेत एच३एन२ चं हेच झालंय, साथ उठते, विझते, मग बाहेरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर परत येते. म्हणून साथ सुरू झाली की "व्हायरस कसा बदलला" ह्याच्या आधी "गेल्या महिन्यात कोण नवीन आलं, कुठून आलं" हे विचारा. बोर्डिंग, शो, ट्रेनिंगचे वर्ग, एकाच गाडीतून बरेच कुत्रे आणणं, ह्या सगळ्या गाठी आहेत.

आणि लक्षणं दिसायच्या आधीच व्हायरस बाहेर पडायला लागतो. पार्वोत शीतून, फ्लूत तर पहिल्या दोनचार दिवसांतच सगळ्यात जास्त. त्यामुळे आजारी दिसणाऱ्यालाच वेगळं ठेवून भागत नाही, त्याच्या शेजारी झोपणाऱ्याला, त्याच्या भांड्यात खाणाऱ्यालापण वेगळं करायचं, पण आजारी कुत्र्याबरोबर नाही, तिसऱ्या जागी. हे तीन गट करायचा कंटाळा येतो सगळ्यांना, मलापण येतो. पार्वोला बरं झाल्यावरही दोन आठवडे, एच३एन२ ला चार आठवडे धरा. डिस्टेंपरमधून उठलेला कुत्रा काही वेळा त्याहून बराच जास्त काळ व्हायरस सोडत राहतो, तिथे टेस्ट केल्याशिवाय मोकळा करू नका.

साफसफाई व्हायरस बघून

फ्लू, डिस्टेंपर, कोरोना ह्या सगळ्यांवर चरबीचं वेष्टण असतं, साबणाने, साध्या जंतुनाशकाने मरतात. पार्वोवर वेष्टण नाही, आणि म्हणूनच तो चिवट. हाताला लावायचं अल्कोहोलवालं सॅनिटायझर त्याचं काही वाकडं करत नाही, बरेचसे वासाचे फ्लोअर क्लीनरपण नाही. आजारी पिल्लाच्या एका ग्रॅम शीमध्ये त्याचे अब्जावधी कण असतात आणि ते महिनोन्‌महिने टिकतात.

ब्लीच चालतं, पण नीट वापरलं तर. आधी घाण पूर्ण काढून साबणाने धुवायचं, कारण शी किंवा माती राहिली की ब्लीच तिच्यावरच खर्च होतं. मग घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी तीस-बत्तीस भाग, त्याच दिवशी बनवलेलं, आणि जमीन १० मिनिटं ओली राहिली पाहिजे, फडका मारून लगेच पुसलं तर काही उपयोग नाही. ॲसिडमध्ये किंवा दुसऱ्या क्लीनरमध्ये मिसळू नका, लघवीच्या डबक्यावरही ओतू नका, विषारी वायू होतो.

सॅम्पल कधी पाठवायचं

तारखा तपासल्या, डोस वयाप्रमाणे पूर्ण होते, एक नाही तर चारपाच मोठी, नीट लस झालेली कुत्री एकाच ठिकाणी पडली, किंवा आजाराचं रूपच वेगळं दिसतंय, तर मग खरंच सिक्वेन्सिंगला अर्थ आहे आणि व्हेटला तसं स्पष्ट सांगा. सॅम्पल आजाराच्या सुरुवातीलाच घ्यायचं, आठवड्याने घेतलेलं बरेचदा निगेटिव्ह येतं. एकाच कुत्र्याचं नको, नुकत्याच आजारी पडलेल्या तिघाचौघांचं. पार्वोला शी, फ्लूला नाकातला स्वॉब, डिस्टेंपरला डोळ्यांच्या कडेचा आणि नाकातला स्वॉब, जमलं तर लघवीपण. गार ठेवायचं. बरोबर कागदावर वय, प्रत्येक डोसची तारीख, लसीचं नाव आणि बॅच नंबर, कुत्रा कुठून आला, लक्षणं कधी सुरू झाली. ह्या कागदाशिवाय सिक्वेन्स म्हणजे नुसती अक्षरं, त्यातून लस हरली का आपण डोस चुकवला हे कोणालाच सांगता येणार नाही. किट टेस्ट निगेटिव्ह आली तरी लक्षणं पार्वोची असतील तर पीसीआर करून घ्या, किट चुकतं.

पार्वो होऊन गेलेल्या घरात नवीन कुत्रा आणायचा असेल तर मोठा, लस झालेला आणा. पिल्लूच हवं असेल तर सोळा आठवड्यांनंतरचा डोस होऊन आठवडा-दोन आठवडे गेलेलं. फरशीला ब्लीच चालतं, मातीला चालत नाही, तिथे ऊन आणि वेळ एवढेच उपाय. आणि जन्मतारीख माहीत नसली तर दात बघा, पुढचे दुधाचे दात पडून पक्के यायला चौथ्या महिन्याच्या आसपास सुरुवात होते. सगळे दुधाचेच दिसत असतील तर कोणी काहीही सांगो, त्याचे सोळा आठवडे झालेत असं धरू नका आणि अजून एक डोस बाकी आहे असं वहीत लिहून ठेवा.